टँकची पाठ

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात काउंटरच्या मागे एक जाड गुंडाळी उभी असते. कागदाच्या एका बाजूला निळा समुद्र आणि पोवळी, दुसऱ्या बाजूला हिरव्या पाणवनस्पती. टँक, फिल्टर, रंगीत खडी, खाद्याची डबी असं सगळं घेऊन झालं की दुकानदार शेवटी विचारतो, ‘‘समुद्र लावू की झाडं?’’ सोबत आलेलं पोर समुद्राकडे बोट दाखवतं. दोन फूट कागद कात्रीनं कापला जातो, चिकटपट्टीचे चार तुकडे लागतात आणि काम संपतं. पिंपरी-चिंचवडमधली जुनी सांगवी असो, नवी सांगवी असो की पिंपळे गुरव, टँकच्या मागे काय लावायचं हे बहुतेक घरांत असं अर्ध्या मिनिटात ठरतं. माशांना मात्र पुढची काही वर्षं त्याच कागदाच्या सोबतीनं काढायची असतात.

टँकची पाठ ही सजावटीची बाब मानली जाते. भिंतीचा रंग कोणता, टीव्ही युनिटचं लॅमिनेट कसलं, त्याला शोभेल असं काहीतरी मागे हवं, एवढाच विचार होतो. पण हॉलमध्ये बसलेला माणूस दिवसातून फार तर अर्धा तास टँककडे बघतो, आणि आतला मासा चोवीस तास त्या भिंतीलगत राहतो. लपायला जागा आहे की नाही, उजेड किती, मागून कोणी येतंय का, हे सगळं तो त्या भिंतीवरून ठरवतो. त्याच्या अंगावरचा रंगसुद्धा काही अंशी तीच भिंत ठरवते. हे शेवटचं वाक्य अतिशयोक्तीचं वाटेल, पण त्याला शंभर-दीडशे वर्षांच्या प्रयोगांचा आधार आहे.

त्याआधी एक जुनी गोष्ट. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि इंग्लंडमध्ये घरोघरी टँक ठेवण्याची लाट आली. त्या काळात रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं एक टँक तयार केला. त्याची फक्त पुढची बाजू काचेची होती. उतरती पाठ आणि दोन्ही बाजू पाटीच्या काळ्या दगडाच्या होत्या. चहूबाजूंनी उजेड आत शिरला की पाणी शेवाळतं आणि आतले जीव त्रासतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. डोहात उजेड वरून येतो, तसाच तो टँकमध्येही वरून यावा, असा त्याचा हिशेब. चौकटीशिवायचे, निव्वळ काचेचे टँक घरोघरी पोचले ते फार नंतर, 1960 नंतर सिलिकॉननं काचेला काच चिकटवता येऊ लागली तेव्हा. त्याआधीच्या टँकना लोखंडी अँगलची चौकट आणि सांध्यात लांबी असे. म्हणजे टँकला पाठ देण्याची कल्पना जुनीच आहे. चहूबाजूंनी काचेच्या टँकांनी ती काढून घेतली, आणि आज कागद लावून आपण ती परत बसवू बघतो.

आता काच आणि पाणी काय करतात ते पाहू. पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे समोरून पाहताना टँकची खोली सुमारे पाव हिश्शानं कमी भासते. बारा इंच खोल टँकची मागची काच नऊ इंचांवर आल्यासारखी दिसते. या उथळपणात भर घालायची की तो झाकायचा, हे मागचा रंग ठरवतो. ठळक, चमकदार चित्र नजर अडवून धरतं. काच जिथे आहे तिथेच नजर थांबते. गडद आणि चमक नसलेला रंग असेल तर नजरेला टेकायला काही सापडत नाही, आणि पाणी मागे दूरवर पसरलंय असं वाटतं. दुकानातला समुद्र टँक खोल दिसावा म्हणून घेतला जातो, पण तो टँक उथळ करतो.

दुसरी गंमत बाजूच्या काचांची. काचेच्या टँकसमोर सरळ उभं राहून डाव्या-उजव्या काचेकडे पाहिलं तर पलीकडची खोली दिसत नाही. आरसा दिसतो, आणि त्यात तेच मासे पुन्हा पोहताना दिसतात. पाण्यातून हवेकडे निघालेला प्रकाश काचेवर सुमारे 49 अंशांहून जास्त तिरपा पडला की बाहेर पडत नाही, पूर्ण परततो. समोरून बघणाऱ्याची नजर बाजूच्या काचेवर जवळपास नेहमीच तेवढी तिरपी पडते. म्हणून बाजूच्या काचांना बाहेरून नुसता कागद टेकवला तर समोर बसलेल्याला तो दिसतच नाही. पैसे गेले ते गेले. कागद आणि काच यांच्यामधली हवेची पातळ फट जोवर राहते, तोवर आरसा तसाच राहतो.

हाच आरसा माशालाही दिसतो, आणि त्याच्यासाठी तो करमणुकीचा विषय नाही. मागे हवा असलेल्या काचेकडे मासा तिरका बघतो तेव्हा त्याला त्याच्याच जातीचा दुसरा मासा समोर येताना दिसतो. फायटर मासा अशा वेळी कल्ले पसरून धावून जातो. फ्लॉवरहॉर्नही काचेवर धडका देतो. मालकाला वाटतं मासा खेळतोय. तो दिवसभर अशा शत्रूशी भांडत असतो जो कधीच हरत नाही.

फट घालवण्याचा उपाय साधा आहे. टँकच्या बाहेरच्या बाजूला काच नीट पुसून ग्लिसरीनचा अगदी पातळ हात फिरवायचा, त्यावर प्लास्टिकचा मुलामा असलेला कागद ठेवायचा आणि जुन्या एटीएम कार्डानं मधून कडेकडे दाबत हवा काढायची. प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत ग्लिसरीन काचेच्या फार जवळ आहे: काचेचा आकडा सुमारे 1.5, ग्लिसरीनचा 1.47. त्यामुळे प्रकाशाला मधे फटच जाणवत नाही. चित्र एकदम ओलं, खोल आणि गडद दिसू लागतं. कागद तोच, पण ओळखू येत नाही. पुष्कळ जण घरात आहे म्हणून खोबरेल तेल वापरतात. उन्हाळ्यात ते चालतं. पुण्याकडची थंडी पडली की बाटलीतलं खोबरेल थिजतं तसंच ते काचेमागेही थिजतं आणि डिसेंबरात मासे पांढऱ्या डागांपुढे पोहू लागतात. तेलाचा थेंब पाण्यात पडला तर वर तवंग येतो, तेही लक्षात ठेवायला हवं.

रंगाचं काय?

1870 च्या दशकात जॉर्ज पुशे या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की काही मासे तळाच्या रंगाप्रमाणे अंगाचा रंग बदलतात आणि हे काम डोळ्यांवाटे होतं. डोळे निकामी झालेला चपटा मासा रंग जुळवू शकत नाही. पुढे मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडून नोबेल मिळवणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांची सुरुवातही माशांच्या रंगापासूनच झाली होती. माशाच्या कातडीत काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात. द्रव्य पेशीभर पसरलं की मासा गडद होतो, मधोमध गोळा झालं की फिका. वरून येणारा उजेड आणि खालून, आजूबाजूने परतणारा उजेड यांचं प्रमाण डोळा सतत जोखत असतो. भोवताली सगळं पांढरं असेल तर शरीर द्रव्य आवरून घेण्याचा हुकूम सोडतं. पांढऱ्या खडीवर, पांढऱ्या भिंतीपुढे ठेवलेला मासा आठवड्याभरात पांढुरका पडतो, आणि मालक ‘‘रंगाचं खाद्य द्या’’ म्हणत पुन्हा दुकानात जातो.

या बदलाचं मोल किती, हे फ्रान्सिस समनर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं 1930 च्या दशकात मोजलं. त्यानं गंबुशिया मासे घेतले. महापालिकांचे आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्याच्या साठ्यांत गप्पी सोडतात, त्या गप्पीचाच हा भाऊबंद. काही मासे त्यानं काळ्या टाक्यांत, काही पांढऱ्या टाक्यांत कित्येक आठवडे ठेवले, आणि मग दोन्ही मिसळून शिकारी पक्ष्यांपुढे, पेंग्विनांपुढे सोडले. ज्यांचा रंग भिंतीशी जुळत नव्हता ते जास्त खाल्ले गेले. म्हणजे भिंतीशी रंग जुळवणं हा माशाच्या जिवाचा प्रश्न आहे. हॉलमध्ये पेंग्विन नसतो हे आपल्याला माहीत आहे. माशाला ते माहीत असण्याचं कारण नाही.

गप्पीची हकीकत याहून सुंदर आहे. जॉन एंडलर यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काचगृहातल्या कृत्रिम तळ्यांमध्ये गप्पींच्या पिढ्या वाढवल्या. काही तळ्यांत बारीक खडी, काहींत जाड. जिथे गप्पी खाणारा मोठा मासा होता, तिथे काही पिढ्यांत नरांच्या अंगावरचे ठिपके खडीच्या आकाराला जुळत गेले: बारीक खडीवर लहान ठिपके, जाड खडीवर मोठे. जिथे शत्रू नव्हता तिथे उलट झालं. ठिपके खडीपासून वेगळे उठून दिसू लागले, कारण माद्यांच्या नजरेत भरणं जास्त फायद्याचं होतं. दुकानात दहा-वीस रुपयांत पिशवीत बांधून मिळणाऱ्या या माशाच्या अंगावरच्या ठिपक्यांचं मूळ कुठल्यातरी ओढ्याच्या तळाशी झालेल्या अशा हिशेबात आहे.

प्रयोगशाळेतला झेब्राफिश तर आणखी सरळ उत्तर देतो. अर्धा काळा, अर्धा पांढरा असा टँक दिला तर प्रौढ मासा बराच वेळ काळ्या अर्ध्यात काढतो. ही आवड इतकी पक्की आहे की माशाची भीती मोजायला शास्त्रज्ञ तीच वापरतात. सगळ्या माशांना हाच नियम लागू नाही, हेही सांगायला हवं. जपानमध्ये पाळला जाणारा एक चपटा समुद्री मासा पांढऱ्या टाकीत जास्त चांगला वाढतो. तो समुद्राच्या तळाशी राहणारा आहे. तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणता रंग छान’ हा नाही. मासा कुठून आलाय, हा आहे.

निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या, कुजलेल्या पानांमुळे चहासारख्या झालेल्या पाण्यातला. त्याच्या अंगावरची निळी रेघ अंधाऱ्या पाण्यात चकाकते. काळ्या किंवा गडद तपकिरी पाठीपुढे तो दिव्यासारखा दिसतो, फिकट निळ्यापुढे हरवतो. एंजल माशाच्या अंगावरचे उभे काळे पट्टे उभ्या देठांच्या आणि बुडालेल्या फांद्यांच्या सावलीत मिसळण्यासाठी. त्याच्यामागे हिरवी झाडं किंवा गडद हिरवा रंग शोभतो आणि त्याला मानवतोही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले बरेच सिक्लिड खडकांच्या कपारीतले. ग्लासफिश आरपार दिसणारा. काळ्यापुढे त्याचा काटा न काटा मोजता येतो. गोल्डफिशची गोष्ट निराळी. चीनमध्ये शतकानुशतकं तो कुंडांत आणि मातीच्या भांड्यांत, वरून बघण्यासाठी वाढवला गेला. त्याला कुठलंही रान नाही, पण निळ्या समुद्राशी आणि पोवळ्यांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. गोड्या पाण्यातल्या गप्पीमागे किंवा गोल्डफिशमागे पोवळ्यांचं चित्र लावणं म्हणजे खिलारी बैलामागे बर्फाचा डोंगर रंगवणं. दुकानात सर्वात जास्त खपणारी बाजू तीच आहे, आणि तीच सर्वात चुकीची आहे.

सांगवीकराला नमुना शोधायला ॲमेझॉनपर्यंत जायची गरज नाही. मुळशीकडून येणारी मुळा आणि मावळातून येणारी पवना यांचा संगम सांगवी आणि दापोडीच्या मधेच होतो. मुळेच्या पलीकडे औंध. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला विल्यम हेन्री साईक्स हा अधिकारी 1820 च्या दशकात मुंबई सरकारच्या आकडेवारीच्या कामासाठी दख्खनभर फिरला आणि इथल्या नद्यांतले मासे त्यानं टिपून ठेवले. 1839 मध्ये त्यानं त्यांची शास्त्रीय वर्णनं दिली, आणि नावं ठेवताना इथल्या मासेमारांच्या तोंडचे शब्द उचलले. म्हणून आजही शास्त्राच्या पुस्तकात दख्खनच्या महसीरचं नाव ‘खुद्री’ आहे, दगडाला चिकटून राहणाऱ्या एका लहान माशाचं ‘मुल्या’ आणि नाकावर उंचवटा असलेल्या एकाचं ‘नुक्ता’. खुद्रीचा पहिला नमुना पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या पाण्यात मिळालेला.

या माशांच्या मागे काय होतं? काळा कातळ. सह्याद्रीचा बेसॉल्ट, लाव्हाच्या थरांतून झालेला, पाण्यानं घासून गुळगुळीत केलेला. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिलेल्याला त्याचा रंग आठवेल: कोरडा असताना करडा, ओला झाला की जवळपास काळा, सांदीसांदीत हिरवट-तपकिरी. त्यावर शेवाळाची पातळ साय. मुल्या ओठांमागच्या चकतीनं त्या कातळाला धरून राहतो आणि त्याची काळपट-हिरवट पाठ कातळातच विरून जाते. आज संगमावर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा असतो, खाली सांडपाणी. तिथलं पाणी किंवा दगड थेट टँकमध्ये आणणं माशांच्या जिवावर बेतेल. पण नदीचा रंग उसना घ्यायला कोणाची हरकत नाही. पुण्याच्या आसपासच्या कुठल्याही टँकसाठी ओल्या बेसॉल्टचा तो काळा-करडा हीच पहिली पसंती असावी.

तो मिळवण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग. त्याला चमक नसते. टँक रिकामा असताना मागच्या काचेला बाहेरून दोन-तीन हात द्यायचे, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. रंग थेट काचेला लागत असल्यामुळे फटीचा प्रश्न उरत नाही, बाजूच्या काचांवर दिला तर तिथला आरसाही मोडतो. पुढे कंटाळा आला तर दाढीच्या पात्यानं तो खरवडून निघतो. हीटर, फिल्टरची नळी, वायर या काळ्या वस्तू त्यापुढे नाहीशा होतात. एक त्रास आहे: पाणी उडून गेलं की कडेला क्षारांची पांढरी रेघ उमटते आणि काळ्यावर ती लगेच दिसते. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांना ती दर आठवड्याला पुसावी लागते. टँक गॅलरीच्या खिडकीला पाठ करून असेल तर हाच काळा रंग सकाळचं ऊन अडवतो आणि शेवाळ निम्म्यानं घटल्यासारखं वाटतं. वॉरिंग्टनच्या दगडी पाठीनं तेच केलं होतं.

पांढऱ्याचीही एक बाजू आहे. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारानं पाणवनस्पतींचे टँक ही स्वतंत्र कला केली. 2015 मध्ये, निधनाच्या काही महिने आधी, लिस्बनच्या मत्स्यालयात त्यानं 40 मीटर लांबीचं पाण्याखालचं अरण्य उभं केलं. अमानोच्या वाटेनं जाणारे कलाकार मागे दुधी काच आणि तिच्यामागे दिवा ठेवतात. पहाटेच्या धुक्यासारखा उजेड येतो. ते शोभतं, कारण त्या टँकमध्ये झाडं इतकी दाट असतात की माशाला लपायला पानोपानी जागा असते. झाडं नसलेल्या टँकमागे नुसता पांढरा कागद लावणं म्हणजे माशाला उघड्या माळावर उभं करणं.

उठावदार, थ्री-डी पाठ बनवण्याचा शौकही इथे आहे. गणपतीची मखरं करून सरावलेल्या हातांना थर्माकोल कोरून कातळ करणं अवघड नाही. 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत सजावटीचा थर्माकोलही आला आणि मखरं पुठ्ठ्याकडे वळली. टँकसाठीही तोच विचार करावा असं वाटतं, कारण थर्माकोल पाण्यात वागतो तो वेगळाच. दोन फूट लांब, एक फूट उंच आणि दोन इंच जाड पत्रा घेतला तर तो सुमारे नऊ लिटर पाणी बाजूला सारतो, आणि स्वतः शे-दोनशे ग्रॅमचा असतो. म्हणजे पाणी त्याला जवळपास नऊ किलोच्या जोरानं वर ढकलतं. सिलिकॉनचा सांधा कच्चा असेल तर रात्री कधीतरी अख्खा कातळ वर येतो. शिवाय दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये पाणीच सुमारे 57 लिटर. त्यातला सहावा हिस्सा या शोभेनं खाल्ला की माशांचं घर तेवढं लहान झालं. मागे फट राहिली तर लहान मासा तिथे अडकून मरतो आणि वास सुटेपर्यंत कळत नाही.

त्यावर सिमेंटचा थर दिला असेल तर आणखी धीर लागतो. नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं, पाणी झोंबरं होतं, मासे कल्ले जाळून घेतात. ते आठवडेच्या आठवडे पाण्यात बुडवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून निवळू द्यावं लागतं. 2019 च्या अखेरीपासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येतं. त्या हिशेबात पाण्याच्या इतक्या बादल्या बसतात का, हे आधीच पाहावं. सिलिकॉनही बाथरूमच्या बुरशीनाशक प्रकारचं नको. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं घ्यावं आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबावं.

या पट्ट्यातल्या घरांची एक खास सवय इथे नोंदवायला हवी. भोसरी-चाकणच्या कंपनीत दुसरी पाळी करून माणूस रात्री बारा-साडेबाराला घरी येतो, हॉलचा दिवा लावतो, टँकचाही लावतो. निऑन रात्री रंग मिटवून फिके झालेले असतात. काचेमागे आरसा असेल आणि एकदम लख्ख उजेड पडला तर ते सैरावैरा धावतात. मागे गडद पाठ असेल तर कोपऱ्यात दबकून थांबतात आणि हळूहळू त्यांची निळी रेघ परत येते. दमून आलेल्या माणसानं आधी खोलीचा दिवा लावावा, दहा मिनिटांनी टँकचा. तेवढ्यात चहा होतो.

ज्याला अजून ठरवता येत नसेल त्यानं स्टेशनरीच्या दुकानातून दोन कार्डशीट आणावेत, एक काळा, एक आपल्या आवडीचा. मागच्या काचेचे दोन सारखे भाग करून एकीकडे एक, दुसरीकडे दुसरा टेकवावा. दगड, झाडं, फिल्टरची नळी मधोमध ठेवावी, म्हणजे एका बाजूला जास्त आडोसा नको. खाद्य मधेच टाकावं. चार दिवस सकाळी आणि रात्री, दिवा लावून दहा मिनिटांनी, कोणत्या अर्ध्यात किती मासे आहेत ते मोजून कॅलेंडरवर लिहावं. मग कागदांची जागा उलटी करावी आणि आणखी चार दिवस मोजावं.

आकडे कागदाबरोबर सरकले, तर माशांनी कागद निवडला आहे.